गुप्तदान की गुप्त सौदा?

गुप्तदानाचे माहात्म्य आमच्या लोकांस नव्याने सांगावयास नको. मूठ झाकून देवळाच्या पेटीत टाकलेला पैसा, किंवा नाव न सांगता अन्नछत्राच्या कोठीत पोहोचविलेले पोते, यांची थोरवी आमच्या समाजाने पिढ्यान् पिढ्या मानली आहे. परंतु या दानास एक अट आहे आणि ती न बोलता सर्वांस ठाऊक असते. ती ही की, घेणाऱ्याच्या हाती दात्यास परत देण्यासारखे काही नसावे. देवळातील देव कंत्राटे वाटीत नाही आणि अन्नछत्रात जेवणारा कराचे दर ठरवीत नाही. पण ज्याच्या हाती खाणींचे परवाने, रस्त्यांची कामे, करांच्या सवलती आणि तपासाचा ससेमिरा हे सारे एकवटले आहे, अशाच्या हाती अंधारात थैली ठेवणे आणि त्यास दान म्हणणे ही दान या शब्दाची विटंबना होय. आमच्या देशात सन २०१८ पासून सन २०२४ पर्यंत ही विटंबना कायद्याच्या आधाराने चालू होती. तिचे नाव निवडणूक रोखे. सर्वोच्च न्यायालयाने ता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती बंद केली. तेव्हापासून 'झाले गेले गंगेला मिळाले' अशी जी वृत्ती सर्व पक्षांत, आणि खेदाने म्हणावे लागते की पेठेतल्या आमच्या मित्रांतही, दिसू लागली आहे, तिच्यासाठीच हा लेख लिहिणे आम्हांस प्राप्त झाले आहे.

प्रथम हा रोखा होता काय ते थोडक्यात सांगतो. ता. १ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पी भाषणात या योजनेची घोषणा झाली. तिच्यासाठी लोकप्रतिनिधित्वाचा कायदा, कंपन्यांचा कायदा, प्राप्तिकराचा कायदा आणि रिझर्व्ह बँकेचा कायदा अशा चार कायद्यांना त्या वर्षीच्या वित्त विधेयकाने हात लावला. म्हणजे राज्यसभेच्या मतास जेथे किंमत नसते अशा वाटेने हा बदल आणला गेला. जानेवारी २०१८ मध्ये योजना प्रत्यक्ष निघाली. एक हजार रुपयांपासून एक कोटी रुपयांपर्यंतचे रोखे एकट्या भारतीय स्टेट बँकेच्या ठराविक शाखांत मिळावयाचे, घेणाऱ्याने आपली ओळख बँकेस द्यावयाची, रोख्यावर मात्र नाव नाही, आणि पंधरा दिवसांच्या आत पक्षाने तो वटवावयाचा. सामान्य माणसासाठी हजाराचा रोखा ठेवला होता खरा. पण विकल्या गेलेल्या रोख्यांच्या एकूण किमतीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम एक कोटीच्या रोख्यांची होती. एवढ्या एका गोष्टीवरून ही सोय कोणासाठी केली होती हे आमच्या वाचकांस समजण्यासारखे आहे. योजना निघण्यापूर्वी रिझर्व्ह बँकेने हरकत घेतली होती आणि निवडणूक आयोगानेही मे २०१७ मध्ये आपला विरोध लेखी कळविला होता. घरच्या कारभाऱ्याने आणि दारच्या पहारेकऱ्याने एकाच वेळी 'चोरवाट ठेवू नका' म्हणावे आणि धन्याने त्याच दिवशी सुताराला बोलवावे, त्यातलाच हा प्रकार.

या गुप्ततेच्या समर्थनार्थ जो मुद्दा पुढे केला गेला तो आमच्या व्यापारी वाचकांच्या मनास पटण्याजोगा होता, म्हणून त्याचा विचार सावकाश केला पाहिजे. मुद्दा असा की, देणगीदाराचे नाव फुटले तर ज्या पक्षास देणगी मिळाली नाही तो पक्ष सत्तेवर आल्यावर सूड उगवील. म्हणून भिडस्त दात्यास पडदा हवा. भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या कचेरीत येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून आम्ही ती ऐकत आलो आहो. एका किराणा व्यापाऱ्याने एकदा आमच्यापुढे चार पक्षांच्या चार पावत्या टाकल्या आणि म्हटले, "वकीलसाहेब, यांतला एकही पक्ष माझा नाही, पण दुकान माझे आहे." या एका वाक्यात साऱ्या देशाचे व्यापारी राजकारण आले. परंतु प्रश्न असा की, त्या पडद्याने या गृहस्थाचे रक्षण झाले असते काय? रोखा विकणारी बँक सरकारी. खरेदीदाराची नोंद तिच्या दप्तरात. रोख्यावर साध्या डोळ्यांस न दिसणारा, पण अतिनील प्रकाशात उमटणारा क्रमांक. तपास यंत्रणेने फौजदारी गुन्हा नोंदविल्यास ती माहिती तिच्या हाती देण्याची तरतूद योजनेतच होती. म्हणजे ज्याच्या सूडाची भीती त्या सत्ताधाऱ्यास वाटेल तेव्हा पडद्याआड पाहता यावे, विरोधी पक्षांस पाहता येऊ नये, आणि ज्या मतदाराच्या नावाने हा सारा संसार चालतो त्याने तर डोळ्यांस पट्टीच बांधून मतपेटीपाशी जावे, असा हा एकतर्फी पडदा होता. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने नेमके हेच मर्म ओळखले. आपण ज्यास मत देतो त्याच्या पाठीशी कोणाचा पैसा उभा आहे हे जाणण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या अनुच्छेदातील भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरविले.

निकालाच्या या अंगाची पुष्कळ वाहवा झाली. ती योग्यच होती. परंतु त्याच निकालाचे दुसरे अंग आमच्या मते तितकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे असून त्याकडे लोकांचे लक्ष फारसे गेले नाही. ते म्हणजे कंपन्यांच्या देणगीवरील मर्यादेविषयीचे. यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे. सन १९५७ मध्ये टाटा लोखंड व पोलाद कंपनीने आपल्या घटनापत्रात फेरफार करून राजकीय पक्षांस देणगी देण्याची मुभा मागितली. एका भागधारकाने त्यास हरकत घेतली आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायाधीश छगला यांनी कायद्याच्या अक्षराप्रमाणे कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पण देताना हात आखडला. व्यापारी संस्थांच्या थैल्या राजकारणात मोकळ्या झाल्या तर हा धोका वाढत जाईल आणि अखेरीस लोकशाहीचाच गळा आवळील, तेव्हा संसदेने वेळीच जागे व्हावे, अशा आशयाचा इशारा त्यांनी त्या निकालपत्रात लिहून ठेवला. मुंबईच्या न्यायासनावरून निघालेला तो इशारा आज सत्तरीकडे झुकला आहे आणि त्याचा एक शब्दही शिळा झालेला नाही.

संसदेने काय केले? १९६० मध्ये देणगीस परवानगी दिली, पण नफ्याच्या प्रमाणात मर्यादा घातली. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्या साफ बंद केल्या. परिणामी पैसा थांबला नाही, तो फक्त काळा झाला. १९८५ मध्ये पुन्हा दार उघडले आणि मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा ठेवली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ती साडेसात टक्के केली. येथपर्यंत मर्यादा सैल होत गेली तरी एक तत्त्व शाबूत होते. ते हे की, देणगी नफ्यातून द्यावयाची आणि कोणास दिली ते हिशेबात नावानिशी लिहावयाचे. २०१७ मध्ये ही दोन्ही बंधने एका फटक्यात तुटली. मर्यादा गेली, पक्षाचे नाव लिहिण्याची सक्तीही गेली. तोट्यात चाललेली कंपनीदेखील वाटेल तेवढी देणगी देऊ शकेल असा कायदा झाला. आता जिच्या पदरी नफाच नाही ती कोट्यवधी रुपये कोठून देते, हा प्रश्न पेठेतला कच्चा कारकूनही विचारील. पैसा दुसऱ्याचा आणि नाव हिचे, याखेरीज त्याचे उत्तर काय असू शकते? ही अमर्याद मुभा मनमानी असून समानतेच्या तत्त्वास बाधक आहे असे न्यायालयाने ठरविले आणि जुनी बंधने पुन्हा अमलात आली.

आमच्या व्यापारी वाचकांपैकी कित्येक जण कंपन्यांचे भाग बाळगून आहेत. त्यांस आमचा प्रश्न आहे. कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती. ती मालमत्ता घेऊ शकते, दावा लावू शकते, कर भरते. परंतु तिला मत नाही, आणि ते नाही यात कोणास अन्याय वाटत नाही. मग मतापेक्षा शंभरपट वजनदार अशी थैली तिच्या हाती असावी, आणि ती कोणाच्या पारड्यात टाकावी हे तुमच्या पैशावर बसलेल्या संचालक मंडळाने बंद खोलीत ठरवावे, हा कोठला न्याय? कायद्यात ठराव लागतो तो संचालकांचा. भागधारकांस कोणी विचारीत नाही. इंग्लंडात सन २००० पासून अशा देणगीस भागधारकांची संमती आवश्यक आहे. ज्या देशाकडून आम्ही कंपनीचा कायदा उचलला त्याच्या या सुधारणेकडे मात्र आम्ही डोळेझाक केली.

आणि इंग्लंडाचे नाव निघालेच आहे तर त्याच्या इतिहासातील एक गोष्ट आमच्या राष्ट्रवादी म्हणविणाऱ्या मंडळींनी अवश्य ध्यानात ठेवावी. ज्या ईस्ट इंडिया कंपनीने पुढे आमचे राज्य गिळले तिने आपला पहिला सौदा प्लासीच्या आमराईत केलेला नाही. तो लंडनमध्ये केला. १६९३ च्या सुमारास तिच्या व्यापाराच्या सनदेवर गदा येऊ लागली तेव्हा तिच्या खतावणीत 'गुप्त सेवा' या सदराखाली मोठमोठ्या रकमा पडू लागल्या. १६९५ मध्ये पार्लमेंटने चौकशी केली. कंपनीचा मुख्य सर टॉमस कुक यास रकमांचा जाब देईना म्हणून लंडनच्या किल्ल्यात टाकले. लीड्सचा ड्यूक या राजमंत्र्यावर लाच घेतल्याचा आरोप आला. परंतु मुख्य साक्षीदार समुद्रापार पळाला आणि खटला तेथेच रुतला. सनद कायम राहिली. त्या सनदेच्या जोरावर पुढल्या शतकात १७५७ आले, १७६५ ची दिवाणी आली, आणि शेवटी १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर त्यांचे निशाण चढले. आपल्या देशात ज्या कंपनीला कोणी हिशेब विचारला नाही, तिने परक्या देशात कोणास हिशेब दिला नाही, हे ओघानेच आले.

आता आकड्यांकडे वळू. निकालानंतर सर्व तपशील ६ मार्चपर्यंत निवडणूक आयोगास द्यावा असा हुकूम बँकेस झाला होता. देशातील सर्वांत मोठ्या बँकेने, अवघ्या २२ हजार २१७ रोख्यांचा मेळ घालण्यासाठी, ३० जूनपर्यंत मुदत मागितली. लोकसभेची निवडणूक त्यापूर्वीच उरकणार होती हा केवळ योगायोग समजावा! ११ मार्च रोजी न्यायालयाने मुदत नाकारली आणि अवमानाची ताकीद दिली; तेव्हा जे काम चार महिन्यांचे म्हणून सांगितले होते ते एका दिवसात झाले. रोख्यांचे क्रमांक मात्र आणखी एकदा कान उपटल्यावर, २१ मार्च रोजी हाती आले.

त्या याद्यांवरून पुढील गोष्ट उघड झाली. एप्रिल २०१९ पासूनच्या काळात भारतीय जनता पक्षाने सुमारे ६ हजार ६० कोटी, तृणमूल काँग्रेसने १ हजार ६०९ कोटी, काँग्रेसने १ हजार ४२१ कोटी आणि तेलंगणातील भारत राष्ट्र समितीने १ हजार २१४ कोटी रुपयांचे रोखे वटविले. सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातील एक कंपनी, १ हजार ३६८ कोटींची. तिच्यामागून बांधकामाच्या कंत्राटातील एक कंपनी, ९६६ कोटींची. लॉटरीवालीने द्रमुक पक्षास ५०९ कोटी दिल्याचे त्या पक्षानेच सांगितले. दिल्लीत ज्याची सत्ता त्यास सर्वांत अधिक आणि प्रांतात ज्याची सत्ता त्यास त्याच्या खालोखाल, असा हा हिशेब आहे. थैलीस तत्त्वज्ञान नसते, तिला फक्त सत्तेचा वास कळतो. साम्यवाद्यांपैकी मार्क्सवादी पक्षाने रोखे घेतले नाहीत आणि तो वादी म्हणून न्यायालयातही गेला. त्याच्या इतर मतांशी आमचे जमत नाही, तरी याबाबतीत त्यास त्याचे श्रेय दिले पाहिजे.

ज्या कंपन्यांमागे तपास यंत्रणा लागल्या होत्या अशांपैकी कित्येकांची नावे या यादीत सापडली. येथे आम्ही सावधपणे लिहितो. तपास आणि देणगी मागेपुढे घडली म्हणजे त्यांत सौदा झाला असे सिद्ध होत नाही; वकिलीच्या धंद्यात राहून एवढे तरी आम्ही शिकलो आहो. पण संशयास जागा आहे की नाही हे ठरविण्यासाठीच चौकशी असते. विशेष तपास पथकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी नाकारली आणि नेहमीच्या कायदेशीर मार्गांनी जावे असे सांगितले. नेहमीचा मार्ग म्हणजे त्याच यंत्रणांचा दरवाजा, ज्यांच्याविषयीच संशय आहे! न्यायालयाच्या पहिल्या निकालापुढे मस्तक नम्र करून या दुसऱ्या निकालाबद्दल आमची निराशा आम्ही नोंदवून ठेवतो.

याबाबतीत एकाच पक्षास झोडपून थांबणे सोपे आहे, पण ते सत्यास धरून होणार नाही. परदेशी पैशाचे प्रकरण पाहा. मार्च २०१४ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोघांनीही एका परदेशी कंपनीच्या शाखांकडून देणग्या घेऊन कायदा मोडला असे ठरविले. त्यावर उपाय काय झाला? २०१६ च्या वित्त कायद्याने परदेशी कंपनी कोणास म्हणावे याची व्याख्याच बदलली. आणि ती पुरी पडेना म्हणून २०१८ मध्ये, सभागृहातील गोंधळात, चर्चेवाचून, तो बदल थेट १९७६ पासून लागू केला. चोरी सापडल्यावर चोरीची व्याख्या बेचाळीस वर्षे मागे जाऊन दुरुस्त करण्याचा हा पराक्रम! स्वदेशीचा जप करणारे आणि गांधींचे नाव घेणारे, दोघेही त्या दिवशी एका ताटात जेवले. अशीच गोष्ट १९७४ ची. उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्याच खर्चात धरला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, तर त्याच वर्षी वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला गेला, आणि तेव्हा राज्य काँग्रेसचे होते. पुढे २००३ मध्ये त्यात थोडी दुरुस्ती झाली. तरी आजही लोकसभेच्या उमेदवारास महाराष्ट्रात ९५ लाखांची मर्यादा आहे आणि पक्षाच्या एकंदर खर्चास मर्यादाच नाही. हौदाला बूच लावून नळ उघडा ठेवावा तसे हे आहे.

दिल्लीच्या गोष्टी दूरच्या वाटतील म्हणून घराजवळचे सांगतो. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. नवी मुंबई, कोल्हापूर इत्यादी ठिकाणची तर २०२० मध्येच. आरक्षणाचा वाद, प्रभागांची संख्या, पुन्हा वाद, असे करीत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये हुकूम देईपर्यंत कोणासही घाई नव्हती, आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे मुंबईसारख्या शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. २०२५-२६ चा तिचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता. सुमारे सहा हजार कोटींची रस्त्यांच्या काँक्रीटची कामे याच काळात देण्यात आली. ती वाईट झाली की बरी, हा निराळा वाद. परंतु ज्या स्थायी समितीत कंत्राटाचा कागद फिरावयाचा, जेथे विरोधी नगरसेवकाने निदान आरडाओरड तरी करावयाची, ती समितीच अस्तित्वात नव्हती. स्थायी समितीची कीर्ती काही धुतल्या तांदळासारखी होती असे नव्हे. तथापि भांडणाऱ्या चोरांच्या घरात निदान शेजाऱ्यास आवाज तरी ऐकू येतो.

येथे थैलीचा आणि नगरपालिकेचा संबंध नीट पाहिला पाहिजे. ज्यास रस्त्याचे काम मिळाले त्यानेच निवडणुकीत पक्षास पैसा द्यावा, हे आमच्या गावागावांत इतके अंगवळणी पडले आहे की त्यात कोणास गैर काही वाटत नाही. अमेरिकेत पैशाचा धुमाकूळ आमच्याहून मोठा. तरी मध्यवर्ती सरकारच्या कंत्राटदारास देणगी देण्याची बंदी तेथे १९४० पासून आहे. आमच्याकडे अशी बंदी सरकारी कंपन्यांपुरती आहे. खाजगी कंत्राटदारास नाही. ज्याचे बिल मंजूर व्हावयाचे आहे त्याने मंजूर करणाऱ्याच्या पक्षास पैसे द्यावेत, यास खाजगी व्यवहारात काय म्हणतात ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. ही बंदी आली पाहिजे, आणि ती ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत लागू असली पाहिजे.

पैशावाचून राजकारण चालत नाही हे आम्हांसही कळते. स्वातंत्र्याची चळवळदेखील वर्गणीवरच चालली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावास काचेचा कारखाना निघाला. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प झाला आणि तो तडीस गेला. अर्देशिर गोदरेज यांनी त्यात तीन लाख रुपये दिले, आणि दिले ते उघड नावाने, साम्राज्य सरकार डोळे वटारून पाहत असताना. सूडाचे भय त्या काळी अधिक होते की आज, याचा विचार पडद्याच्या कैवाऱ्यांनी करावा.

रोखे गेले तरी वाटा उरल्या आहेत. २०१३ पासूनच्या निवडणूक न्यासांत अनेक कंपन्यांचा पैसा एका हौदात पडतो आणि पक्षांस वाटला जातो. कोणी टाकला आणि कोणास मिळाला या दोन याद्या दिसतात, पण कोणाचा कोणास गेला हे जुळविता येत नाही. वीस हजारांखालच्या देणगीस अजूनही नाव लागत नाही. शिवाय जी नावे लागतात ती वर्ष उलटून गेल्यावर, म्हणजे मत देऊन झाल्यावर, मतदारास कळतात. हे सर्व बदलावयास संसद हवी, आणि संसदेतील पक्षांस त्याची घाई नाही हे आम्ही वर दाखविलेच आहे.

पण एक काम संसदेवाचून होण्यासारखे आहे. निकालाने कंपनी कायद्याचे १८२ वे कलम पूर्वीच्या रूपात परत आले आहे. त्यान्वये प्रत्येक कंपनीने वर्षभरात कोणत्या पक्षास किती दिले हे नफातोटा पत्रकात नावानिशी दाखविले पाहिजे. ज्यांच्या घरी दरसाल कंपनीचा अहवाल टपालाने किंवा संगणकावर येतो आणि न उघडता रद्दीत जातो, त्यांनी या वर्षी तो उघडावा आणि ते पान शोधावे. न सापडल्यास वार्षिक सभेस जाऊन अध्यक्षांस विचारावे. सभेतील चहा घेऊन परत येण्यापूर्वी उत्तर लेखी मागून घ्यावे, आणि ते आमच्याकडे धाडावे. आम्ही कंपनीच्या नावासह ते छापू.